हरकाऱ्याचे तोंड गोड जाहले, त्याची हकिकत

श्रीयंत्रदेवता चालती असो, वीज आणि तेल अखंड असो, लिहिणाराचा हात व वाचणाराचा धीर न सरो. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, आश्विन वद्य तृतीयेस सकाळी सव्वादहाचे सुमारास राज्यातील थोरले यंत्र कापता कापता उभे राहिले. पडद्यावर तांबडी ओळ आली, माथ्यावरील दिवा तांबडा जाहला, आणि पंपाचे कवच अर्धे कापलेले पकडीत तसेच राहिले. ओळीतील मजकूर इतकाच की, एक्स अक्षाचा फीडबॅक मिळत नाही. कोणी जायबंदी जाहले नाही, हत्यार मोडले नाही. इतर यंत्रांचा आवाज चालूच होता, त्यामुळे थोरले यंत्र थांबले हे पहिल्याने कानास कळले नाही, डोळ्यास कळले.

हे राज्य कोणते आणि कोणत्या दिशेस, ते सांगण्याचे प्रयोजन नाही. वर पत्र्याचे छप्पर, खाली तेलकट फरशी, दरवाजावर वर्दीवाले शिबंदीस, इतके समजले म्हणजे पुरे. थोरल्या मालकांनी एका जुन्या लेथवर हे राज्य स्थापिले, आणि ते निजधामास गेल्यावर आईसाहेबांनी गादी सांभाळिली आणि वाढविली. कारभार अविनाशराव इनामदार यांजकडे, यंत्रांची निगा भूपाल मगदूम यांजकडे, आणि थोरले यंत्र चालविण्याचे काम आनंदा चौगुले याजकडे. थोरले यंत्र म्हणजे सीएनसी, संगणकाच्या हुकुमाने कापणारे. ते गेल्या माघ मासी आले, आणि यंदाचा दसरा हा त्याचा या राज्यातील पहिलाच दसरा. आनंदा हा पूर्वी कापलेल्या मालाच्या कडा कानशीने घासण्याच्या कामावर होता, आणि कित्येक वर्षे कानस घासून, मग लहान यंत्रांवर हात बसवून, थोरल्या यंत्रापुढे येऊन उभा राहिला होता. त्याची नेमणूक हंगामी होती. यंदा लक्ष्मीपूजनाचे दिवशी त्यास कायम करावे, ऐसे आईसाहेबांनी चारचौघांत बोलून दाखविले होते, आणि आनंदाने ती गोष्ट घरी सांगितली होती, आणि घरच्यांनी ती गल्लीत सांगितली होती. म्हणजे आता माघार घेण्यास जागा राहिली नव्हती.

यंत्राची रचना ऐसी. त्यास चालण्याच्या तीन वाटा: एक्स ही डावीउजवीकडे, वाय ही पुढेमागे, आणि झेड ही वरखाली. प्रत्येक वाटेवर एकेक मोटर, ती हत्तीच्या जागी जाणावी. पाठीमागील कपाटात प्रत्येक हत्तीवर हुकूम चालविणारा एकेक सर्व्हो ड्राइव्ह, तो सरदाराच्या जागी. आणि हत्तीच्या पाठीशी बसविलेला एन्कोडर, तो हरकारा. हरकाऱ्याचे काम एकच, की हत्ती कोठवर पोचला ही खबर क्षणोक्षणी केबलीतून सरदारास द्यावी. खबर आली नाही तर सरदार हत्तीस पुढचे पाऊल टाकू देत नाही, जागीच उभा करितो आणि ओरडतो. त्या ओरडण्यास अलार्म म्हणतात. अलार्म हा शत्रू नव्हे, पहाऱ्याची हाक आहे, ऐसे यंत्रासोबत आलेल्या पुस्तकात लिहिले होते. परंतु पुस्तक कारभाऱ्यांचे कपाटात प्लास्टिकच्या पिशवीत होते, आणि राज्यातील रिवाज निराळा होता. रिवाज असा की, हाक ऐकू आली की रिसेटचे बटण दाबावे, म्हणजे हाक थांबते.

इनामदार धावत आले आणि आधी पडदा न पाहता घड्याळ पाहिले. दिवाळीपूर्वी पंपांची कवचे परमुलखी रवाना व्हावयाची होती आणि धनत्रयोदशीस ट्रक दाराशी येणार होता. ते बोलिले, "आत्ताच आला काय रे हा, का आधी पण येत होता?" आनंदा फडक्याने हात पुसत राहिला आणि मग म्हणाला, "येतोय अधनंमधनं. बटण दाबलं की जातोय." "कधीपासनं?" "कोजागिरीच्या आधीपासनं." "आणि सांगितलंस कुणाला?" आनंदा म्हणाला, "सांगितलं असतं तर मशीन उभं राहिलं असतं, आणि सांजच्याला माल का कमी म्हणून मलाच विचारलं असतं तुम्ही." हे उत्तर खरे होते म्हणूनच कारभाऱ्यांस लागले. ते म्हणाले, "हुशार आहेस. दिवाळीला बघू तुझी हुशारी." मगदूमांनी दोहोंमध्ये पडून मसलत दिली, "साहेब, डोस्कं तापलं असंल त्याचं. कपाट उघडून पंखा लावतो." मग कपाटाची दारे उघडून उभा पंखा लाविला, आणि यंत्र चालले, आणि सर्वांनी पंख्यास श्रेय दिले, आणि जेवणाची सुट्टी होण्यापूर्वी यंत्र पुन्हा उभे राहिले. मग कोणी म्हणाले अर्थिंगचा दोष, कोणी म्हणाले शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा दोष. कोणीएकाने यंत्रास लिंबूमिरची बांधिली. ती कोणी बांधिली याचा शोध लागला नाही, परंतु लिंबू कारभाऱ्यांच्या सरबतासाठी आणलेल्यांपैकी होते, इतके सिद्ध आहे.

मग यंत्र विकणाऱ्या कंपनीकडे निरोप गेला, आणि तेथून सर्व्हिस इंजिनियर मुक्ता दामले या आल्या. इनामदार त्यांच्या मागे पाहत म्हणाले, "तुम्ही एकट्याच? इंजिनियर मागनं येतायत का?" त्या म्हणाल्या, "इंजिनियर पुढे आलीय. मागून बॅग येतेय." आणि खरेच ड्रायव्हर बॅग घेऊन मागून आला. मगदूमांस हे उत्तर फार आवडले. ते म्हणाले, "बसा मॅडम, च्या घ्या आधी." "चहा नंतर. आधी तो पंखा काढा. कपाटात धूळ ढकलताय तुम्ही." पंखा निघाला. लिंबूही निघाले, ते मगदूमांनी खिशात टाकिले. मग मुक्ता दामले यांनी आनंदास जवळ बोलावून विचारिले की, अलार्म येतो तेव्हा माल ज्यावर बांधतात ते टेबल कोणत्या बाजूस असते, वेग किती असतो, आणि बटण दाबल्यावर लगेच जातो की वेळ घेतो. आनंदा प्रथम कारभाऱ्यांकडे पाहून बोलत होता, मग यंत्राकडे पाहून बोलू लागला. टेबल उजवीकडे जोरात जाताना अलार्म येतो, सकाळी गार असता अधिक येतो, ऐसे त्याने सांगितले. त्या म्हणाल्या, "छान. हे कोणी विचारलंच नव्हतं का?"

त्यांची तपासाची रीत ऐसी की, कोणासही आधी गुन्हेगार ठरवावयाचे नाही. वीज बंद केली, आणि ड्राइव्हवरील बारका दिवा पुरता विझेपर्यंत कोणास हात घालू दिला नाही, कारण बंद केल्यावरही त्याच्या पोटात वीज काही काळ राहते. मग त्या मगदूमांस म्हणाल्या, "एक्स आणि वाय या दोघांची अदलाबदल करू. दोन्ही एकाच ताकदीचे आहेत. झेडला हात लावायचा नाही, तो वरचं डोकं तोलून धरतो. त्याला सोडलं तर डोकं खाली येईल." मगदूम हळूच बोलिले, "म्हंजे आमच्या इनामदारसाहेबांगत. सगळ्यांचं डोकं धरून हाईत." कारभारी म्हणाले, "ऐकू येतं मला." मगदूम म्हणाले, "ऐकू यावं म्हणूनच बोललो साहेब." तर मसलत ही की, सरदार बदलल्यावर ओरडणे वायकडे गेले तर दोष सरदाराचा, आणि एक्सकडेच राहिले तर दोष सरदाराच्या पलीकडे, हत्तीकडे किंवा हरकाऱ्याकडे. कारभाऱ्यांच्या मनात होते की सरदारच नासका निघावा, म्हणजे हमीच्या मुदतीत कंपनी नवा देईल आणि कोणास बोल लागणार नाही. यंत्र चालू केले, टेबल उजवीकडे पळविले, आणि परत पळविले, आणि पुन्हा उजवीकडे पळविले, तो ओरडणे एक्सवरूनच आले. सरदार निर्दोष सुटले आणि आपापल्या जागी परत बसविले गेले.

मग केबलीच्या मागाने त्या यंत्राच्या उजव्या टोकास गेल्या, आणि खाली बसून पत्र्याचे झाकण सोडिले, आणि हत्तीच्या पाठीवरील हरकाऱ्याच्या तोंडी असलेला गोल प्लग आटे फिरवून उघडला. आत बॅटरी मारून पाहिले. पितळी पिना हिरवट झाल्या होत्या आणि त्यांवर काही चिकट वाळले होते. रबराची कडी एका बाजूस दबलेली होती. ती कोणी दाबिली, बसविणाऱ्यांनी की नंतरच्या कोणी, याविषयी खात्रीचे वर्तमान नाही. मुक्ता दामले मान वर न करिता म्हणाल्या, "पाणी गेलंय."

या एका शब्दाने पुढचे सारे घडले, म्हणून त्याचा खुलासा करणे भाग आहे. यंत्र कापते तेव्हा हत्यार गार ठेवण्यास वरून जो पांढरा द्रव सोडतात, त्यास पुस्तकात कूलंट म्हणतात, परंतु राज्यातील सर्व माणसे त्यास पाणी म्हणतात. पाणी सोड, पाणी बंद कर, पाण्याची गन मार, ऐसे. मुक्ता दामले परमुलखीच्या, त्यांनी पाणी म्हणजे पाणी म्हटले. ऐकणारांनी कूलंट ऐकिले. आणि पाण्याची गन दररोज कामाच्या शेवटी ज्याच्या हाती असते, तो आनंदा. इनामदार म्हणाले, "ऐकलंत? पाणी. किती वेळा सांगितलं की टोकाकडे गन मारू नको म्हणून." आनंदा म्हणाला, "टोकाकडं मारत न्हाई मी. टेबलावरचा चुरा ढकलतोय फक्त." "मग काय पाणी चालत गेलं तिथं?" "ते मला काय माहीत?" "मला माहीत आहे. अलार्म दाबून ठेवलेस, वर पाणी मारलंस. उद्यापासनं कानशीवर बस. मशीन दुसऱ्या पाळीचा माणूस बघेल. कायमचं काय ते मी आईसाहेबांच्या कानावर घालतो." आनंदाने फडके घडी करून यंत्राच्या कडेवर ठेविले. अलार्म दाबल्याचा आरोप त्यास मान्य होता, पाण्याचा नव्हता, आणि दोन्ही एकदम पडल्याने कोणता नाकारावा हे त्यास सुचेना.

इतक्यात मुक्ता दामले म्हणाल्या, "एक मिनिट. तुमच्याकडे कूलंटला मुंग्या लागतात का?" सर्वांनी वाकून पाहिले. प्लगाच्या आतील कडेने बारीक तांबड्या मुंग्यांची रांग लागली होती, आणि ती झाकणाखालून वर जाऊन टेबलाच्या खाचेत शिरत होती. काही मुंग्या पिनांवर मरून चिकटल्या होत्या, आणि जित्या मुंग्या त्यांना वळसा घालून चालल्या होत्या. म्हणजे हरकारा मेला नव्हता, फितूरही जाहला नव्हता. कोणी त्याचे तोंड गोड केले होते, आणि गोड तोंडाने त्यास बोलता येईना.

येथे खंडेनवमीचे वर्तमान सांगितले पाहिजे. थोरल्या मालकांच्या वेळेपासून रिवाज असा की, त्या दिवशी सर्व यंत्रांस हळदकुंकू, झेंडूच्या माळा, आणि आईसाहेबांच्या हातचा नारळ. नारळ जमिनीवर फोडावयाचा नाही, यंत्राच्या अंगावरच फोडावयाचा, आणि त्याचे पाणी यंत्रावर वाहावयाचे. त्यास पाणी म्हणत नाहीत, तीर्थ म्हणतात. जुना लेथ सगळा ओतीव लोखंडाचा, त्यास हरकारा नाही की सरदार नाही, त्याच्यावर असे कित्येक नारळ फुटले आणि तो तसाच चालतो आहे. यंदा थोरल्या यंत्रासही तोच मान मिळाला. आईसाहेबांनी टेबलाच्या कोपऱ्यावर नारळ फोडिला, आनंदाने ताट धरिले होते, निम्मे तीर्थ ताटात आले आणि निम्मे टेबलाच्या खाचेतून उजवीकडे गेले. सर्वांनी टाळ्या वाजविल्या. आनंदाने नंतर वरच्यावर पुसून घेतले. खाचेत फडके जात नाही.

मुंग्या पाहताच ही आठवण सर्वांस एकदम जाहली, ऐसे मगदूम सांगतात. कारभारी म्हणतात आपणांस जाहली नाही. मुक्ता दामले यांनी विचारिले, "इथे काही गोड सांडलं होतं का?" मगदूम म्हणाले, "मॅडम, आता तरी च्या घ्या." आनंदापुढे पेच असा की, बोलावे तर ज्यांच्या हातून कायमचा हुकूम यावयाचा त्यांच्याच हातावर दोष जातो, आणि न बोलावे तर कानस. तो म्हणाला, "न्हाई मॅडम. काय सांडलं न्हाई." हे अक्षरशः खरे होते. सांडले नव्हते, वाहिले होते.

दिवस कलता आईसाहेब स्वतः आल्या. त्या कारखान्यात फिरताना सुती पातळ आणि पायात जाड तळव्याचे कापडी बूट घालतात, कारण लोखंडाचा चुरा चपलेतून टोचतो. इनामदारांनी हकिकत गुजारिली की, हरकाऱ्याच्या प्लगात पाणी गेले, गफलत आनंदाची, बंदोबस्त केला आहे, ट्रकाची चिंता नसावी. आईसाहेब म्हणाल्या, "बघू." मग चष्मा लावून झाकणापाशी वाकल्या आणि बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "ह्या कुठनं आल्या?" कारभारी म्हणाले, "कूलंटला आल्या असतील." "कूलंट गोड असतंय काय?" "असेल थोडं, आईसाहेब. त्यात बरंच काय काय असतं." आईसाहेबांनी मगदूमांस डब्याच्या झाकणात थोडे कूलंट आणविले आणि कारभाऱ्यांपुढे धरविले. "चाखा." "अहो, त्यात तेल असतं, औषध असतं—" "मुंग्या खातायत म्हणालात की." "मुंग्यांचं पोट वेगळं, आईसाहेब." मगदूमांस खोकला आला. मुक्ता दामले मध्ये पडून म्हणाल्या, "नका हो चाखू, पोटात गेलं तर त्रास होईल. कूलंट गोड नसतं. याला मुंग्या लागत नाहीत." आईसाहेब म्हणाल्या, "मला ठाऊक हाय. ह्यांना ठाऊक हाय का ते बघत होते."

डब्याचे झाकण खाली ठेविले गेले. मग आईसाहेब आनंदाकडे वळल्या. "ताट तू धरलं होतंस." "व्हय." "पाणी कुठं गेलं?" येथे नमूद करणे अवश्य की, खंडेनवमीच्या त्या तीर्थास या राज्यात पाणी असे म्हणण्याची ही पहिलीच वेळ, आणि म्हणणाऱ्या आईसाहेब स्वतः. आनंदाने टेबलाच्या खाचेवर बोट ठेविले आणि ते बोट हळूहळू उजवीकडे नेले, आणि टोकाशी पोचल्यावर खाली वळविले. आईसाहेब म्हणाल्या, "मग त्याच दिवशी तोंड का उघडलं न्हाईस?" "तुमच्या हातचं होतं." "माझ्या हातचं होतं म्हणून लोखंडाला कळलं काय?" मग त्यांनी पडद्याकडे बोट केले. "आणि अलार्म दाबत बसलास ते कुणाच्या हातचं?" आनंदा म्हणाला, "ते माझ्या." आईसाहेब म्हणाल्या, "बरं." आपली चूक झाली ऐसे त्या बोलल्या नाहीत, आणि झाली नाही ऐसेही बोलल्या नाहीत. मगदूमांकडे वळून इतकेच म्हणाल्या, "दाराशी एक दगड बसवून घ्या. चांगला, काळा. फुढच्या खेपेपासनं त्यावर."

तेव्हा मुक्ता दामले म्हणाल्या, "मी साफ करते आणि नवा प्लग बसवते. पण एक सांगून ठेवते. रबर दबलेलं आहे. गोड पाणी आत गेलं हे नक्की. कूलंट गेलंच नाही, असं मी म्हणणार नाही." इनामदार सावरून म्हणाले, "म्हणजे दोन्ही." "म्हणजे मला माहीत नाही." "मोटरच्या आत, एन्कोडरपर्यंत गेलं असेल तर?" "तर काही दिवसांनी कळेल." कारभाऱ्यांचे म्हणणे हेही अगदीच पोकळ नव्हते, आणि ते त्यांनी तेथेच मांडिले: "आईसाहेब, पुन्हा हाच अलार्म आला आणि नारळ नसला, तर?" तेव्हा आईसाहेबांचा सर्वांदेखत हुकूम असा जाहला की, आनंदाने यंत्र चालवावे, अलार्म आल्यास मगदूमांना बोलाविल्यावाचून कोणीही बटण दाबू नये, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत यंत्र ओरडले नाही तर आनंदा कायम. इनामदार म्हणाले, "आणि ओरडलं तर?" आईसाहेबांनी चष्मा डबीत घातला आणि त्या गाडीकडे चालू लागल्या.

मग जुना प्लग कापून काढिला, पिना औषधाने धुतल्या, गरम वाऱ्याने वाळविल्या, नवा प्लग नव्या रबरासह बसविला, आणि खाचेतील मुंग्यांची वाट रॉकेलच्या बोळ्याने मोडिली. टेबल उजवीकडे पळविले, डावीकडे पळविले, हत्ती चालला, हरकारा बोलला, सरदार गप्प राहिला. मुक्ता दामले यांनी अखेर चहा घेतला, दोनदा घेतला, आणि गेल्या. जाताना मगदूमांस ताकीद दिली की, प्लगावर प्लास्टिकची पिशवी बांधू नका, आत दमट होते. मगदूमांनी त्या जाताच पिशवी बांधिली. ती दुसऱ्या दिवशी काढिली ऐसे ते म्हणतात. काढताना कोणी पाहिले नाही.

त्यानंतर यंत्र चालत राहिले. कवचे कापून होत राहिली आणि खोक्यांत जात राहिली. आनंदाने गन मारणे सोडून दिले आणि चुरा ब्रशाने ओढू लागला, त्यास वेळ अधिक लागे, त्यावर कारभारी बोलत नसत, परंतु उभे राहून पाहत. आईसाहेबांचा फोन रोज येई आणि मगदूम उचलीत. "मुंग्या?" "न्हाईत, आईसाब." "ठेवते." इतकेच बोलणे. दाराशी काळा दगड आला. तो कोणत्या बाजूस तोंड करून बसवावा यावरून शिबंदीत दोन पक्ष पडले, आणि अखेर तो तिरका बसला. घरी आनंदास कोणी विचारिले तर तो म्हणे, "होतंय." गल्लीतील एकाने पेढे कोणत्या दुकानाचे असे विचारिले, त्याला तो म्हणाला, "आधी लक्ष्मीपूजन तर होऊ दे, भावा. गोडाचं नाव काढू नकोस."

धनत्रयोदशीस दुपारी ट्रक दाराशी लागला होता. शेवटचे कवच पकडीत होते. कारभारी ट्रकापाशी खोकी चढवून घेत होते, मगदूम पलीकडे कंप्रेसरपाशी होते, आणि थोरल्या यंत्रापुढे आनंदा एकटा होता. टेबल उजवीकडे जाताना यंत्र उभे राहिले. तांबडी ओळ तीच, एक्स अक्ष तोच. आनंदाचा हात बटणाकडे गेला. बटण दाबले असते तर हाक थांबली असती, कवच पुरे जाहले असते, ट्रक गेला असता, आणि लक्ष्मीपूजनापर्यंत राहिलेला थोडका काळ तसाच दाबून काढता आला असता. कोणी पाहत नव्हते. पलीकडच्या यंत्रावरील माणसाने मागाहून सांगितले की, हात बटणावर काही वेळ नुसता ठेविलेला होता. मग आनंदाने हात काढून घेतला, दोन पावले मागे सरला, आणि मोठ्याने हाक मारिली, "भूपालआण्णा! मशीन ओरडलंय!" हाक ट्रकापर्यंत गेली. इनामदार खोके खाली ठेवून आत आले. मगदूम पाना घेऊन धावले. आनंदा पडद्यापाशी तसाच उभा होता, आणि कारभाऱ्यांनी विचारण्यापूर्वी म्हणाला, "बटण दाबलेलं न्हाई." कारभारी तांबड्या ओळीकडे पाहत राहिले, मग त्याच्याकडे.

एकूण हकिकत ऐसी की, खबर न आल्याने यंत्र उभे राहिले. जे पाणी नव्हते त्यास पाणी म्हटले, आणि जे पाणी होते त्यास तीर्थ, त्यामुळे दोष फिरत राहिला. मुंग्यांनी एकदा साक्ष दिली आणि ती मानली गेली. लिहितेवेळी ट्रक दाराशी उभा आहे, आणि आनंदाच्या कायमचा निकाल लागावयाचा आहे. मुक्ता दामले यांस फोन गेला आहे आणि त्या वाटेवर आहेत. आईसाहेब आल्या आहेत, चष्मा लावून झाकणापाशी वाकल्या आहेत. मगदूमांनी प्लग उघडून बॅटरी धरिली आहे. बोट ठेवण्यास या खेपेस ना तीर्थ, ना पाणी: रबर कोरडे आहे, पिना पिवळ्याधमक आहेत, आणि मुंगी एकही नाही.